डीबी स्पेक्ट्रम प्लस: बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिण्याच्या दृष्टीने परीक्षण

ज्या यंत्राचे हे परीक्षण आहे ते आज कोणत्याही दुकानात नवे मिळत नाही, आणि जुने मिळालेच तर विकणारा यंत्रापेक्षा घेणाऱ्याच्या आठवणींची किंमत लावतो. म्हणून मी त्याच्याकडे एकाच कामाच्या दृष्टीने पाहायचे ठरवले: बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा असेल, तर डीबी स्पेक्ट्रम प्लस हा संगणक आज कितपत उपयोगी पडतो? मी बेळगावात गणिताचा शिक्षक होतो, निवृत्त होऊन काही वर्षे झाली. हा संगणक मी १९९० साली पुण्याहून आणला, तेव्हा त्याच्यावर असा एक प्रोग्रॅम अर्धवट लिहिला होता, आणि गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा पहिल्यापासून लिहून काढला. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचे वाचायला नको: चालवायला हे यंत्र उत्तम आहे, लिहायला अत्यंत त्रासदायक आहे, आणि त्याची मेमरी तुटपुंजी असल्याची जी सर्वसाधारण समजूत आहे ती बुद्धिबळाच्या बाबतीत साफ चुकीची आहे.

मूळ स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला, रबरी कळांऐवजी कडक प्लॅस्टिकच्या कळा असलेली 'प्लस' आवृत्ती १९८४ मध्ये आली, आणि १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकाचा व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतला. आपल्याकडे हेच यंत्र पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकले, आणि परदेशातला कोणी नातेवाईक सुटीला येण्याची वाट न पाहता बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला घरात संगणक ठेवता आला तो त्यामुळे. आत ३.५ मेगाहर्ट्झ वेगाचा झेड८०ए प्रोसेसर, बेसिक भाषा साठवलेली १६ केबीची रॉम आणि ४८ केबी रॅम आहे. रॅमपैकी ६,९१२ बाइट पडद्यावरच्या चित्राला जातात, थोडी जागा यंत्र स्वतःच्या नोंदींसाठी ठेवते, आणि आपल्या हाती साधारण ४१ केबी उरतात. पडदा म्हणजे घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायचा तो साध्या ऑडिओ कॅसेटवर.

माझा संगणक वीसेक वर्षे माळ्यावर पडून होता, आणि बेळगावचा पावसाळा माळ्यावरच्या वस्तूंचे काय करतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. एका मोठ्या दुकानात त्याला हातही न लावता भंगारात घालण्याचा सल्ला मिळाला. खडेबाजाराच्या अंगाला एका गल्लीत टीव्ही दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, तिथल्या तरुण कारागिराने मात्र झाकण उघडून बराच वेळ नुसते पाहिले आणि म्हणाला, "बघूया की सर. चिपांचे नंबर सगळे दिसतात, म्हणजे काम होण्यासारखं आहे. पिक्चर तुमच्या एलईडीवर येईल की नाही ते आत्ताच सांगत नाही." त्याने वाळलेले कपॅसिटर बदलले, टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटातून जाणारा सिग्नल काढून सरळ व्हिडिओ जोडणी दिली, आणि कळांखालचा मेम्ब्रेन, म्हणजे कळ दाबल्यावर सिग्नल देणारा पातळ थर, जो वयाने ठिसूळ होऊन वायरीच्या टोकाशी तुटला होता, तो मी बाहेरून मागवून दिल्यावर बसवला. सगळे मिळून २,८०० रुपये झाले, त्यांतले निम्म्याहून अधिक मेम्ब्रेनचे. या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट, पंचवीस वर्षांच्या त्या मुलाने आपल्यापेक्षा वयाने मोठ्या यंत्राला ज्या अदबीने हाताळले ते पाहण्यासारखे होते.

जुना स्पेक्ट्रम विकत घेणाऱ्याने दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वी पाहाव्यात. पहिली म्हणजे अडॅप्टर: या यंत्राला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनेच्या मधल्या टोकाला ऋण असतो, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत मध्ये धन असतो. तो तसाच खुपसला तर यंत्र गेलेच म्हणून समजावे. दुसरी गोष्ट मेमरीची. वरच्या ३२ केबीच्या चिपा बिघडल्या तरी यंत्र सुरू होते, तळाशी सिंक्लेअरचे नाव नेहमीसारखे उमटते, आणि घेणारा फसतो. म्हणून २३७३२ या पत्त्यावरची संख्या अधिक २३७३३ वरच्या संख्येची २५६ पट, एवढी बेरीज पडद्यावर छापून पाहावी. उत्तर ६५५३५ आले तर ४८ केबी शाबूत आहेत. ३२७६७ आले तर हातात १६ केबीचे यंत्र आहे, आणि किंमत त्या हिशेबाने करावी.

आता मुख्य मुद्दा. मेमरी कमी पडेल अशी भीती मला १९९० मध्येही होती, आणि ती निराधार होती हे इतिहासच सांगतो. पीटर जेनिंग्ज यांनी १९७६ साली लिहिलेला मायक्रोचेस हा प्रोग्रॅम किम-१ या उघड्या पाटीवरच्या संगणकावर जेमतेम १ केबी रॅममध्ये बसत असे. अटारीच्या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी १९७९ साली बुद्धिबळाचे कार्ट्रिज निघाले, त्या यंत्रात रॅम होती अवघी १२८ बाइट. डेव्हिड हॉर्न यांनी स्पेक्ट्रमच्याच थोरल्या भावंडासाठी, म्हणजे झेडएक्स८१ साठी, जो प्रोग्रॅम लिहिला तो ६७२ बाइटचा होता. त्यात किल्लेकोट नव्हता, प्याद्याची बढती नव्हती, पण समोरच्याच्या चालीला उत्तर तो देत असे. या आकड्यांपुढे ४१ केबी म्हणजे वाडा आहे. माझा आजचा प्रोग्रॅम चित्रांसकट ५ केबीच्या आत आहे, आणि उरलेल्या जागेचे काय करावे हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

कमी पडतो तो वेळ. बेसिकमध्ये लिहिणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळते. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये काहीही न करणाऱ्या हजार फेऱ्यांना चार-पाच सेकंद लागतात. प्रत्येक संख्या, मग ती १ असो की ०, पाच बाइटांत साठवली जाते, आणि 'गो टू' म्हटले की यंत्र ती ओळ शोधायला प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून चालू लागते. माझ्या १९९० च्या प्रोग्रॅमला एका स्थितीतल्या सर्व चाली काढायला सहा सेकंद लागत. हे ऐकायला फार वाटत नाही. पण डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याच्या २० चाली असतात, काळ्याची उत्तरे धरून ४०० क्रम होतात आणि पांढऱ्याची पुढची चाल धरली की ८,९०२. त्या ८,९०२ पर्यंत पोचण्यासाठी एक अधिक वीस अधिक चारशे, म्हणजे ४२१ स्थितींमधून चाली काढाव्या लागतात, आणि सहा सेकंदांप्रमाणे त्याला ४२ मिनिटे होतात. एका चालीला ४२ मिनिटे! त्यातही तेव्हा वीज वाटेल तेव्हा जात असे. पहिला पूर्ण डाव खेळवण्याचा माझा बेत अर्ध्या तासाच्या विचारानंतर अंधारात संपला, आणि यंत्राच्या डोक्यात काय चालले होते ते कायमचे गेले.

म्हणून या यंत्रावर बुद्धिबळ लिहायचे तर मशीन कोडमध्येच, म्हणजे प्रोसेसरला थेट समजणाऱ्या सूचनांत लिहावे, हे माझे स्पष्ट मत आहे. बेसिकचा उपयोग पट दाखवण्यापुरता आणि चाल विचारण्यापुरता करावा. झेड८० साठी बुद्धिबळ लिहिणाऱ्याला एक मोठा आधार असा की डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या दांपत्याचा सार्गॉन हा प्रोग्रॅम याच प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. मार्च १९७८ मध्ये सॅन होझे येथे मायक्रोसंगणकांची बुद्धिबळ स्पर्धा झाली ती त्याने जिंकली, आणि पुढे त्याची संपूर्ण असेंब्ली यादीच, म्हणजे मशीन कोडच्या सूचना माणसाला वाचता येतील अशा रूपात, छापून निघाली. त्यात पटाभोवती कुंपणासारखी जादा घरे ठेवून १२० बाइटांचा पट केला आहे, म्हणजे मोहरा कुंपणावर आदळला की थांबायचे. मी ती पद्धत न घेता दुसरी घेतली, आणि या यंत्रावर ती इतकी चपखल बसते की थोडे विस्ताराने सांगतो.

पटाच्या प्रत्येक आडव्या ओळीला आठऐवजी सोळा घरे आहेत असे मानायचे, त्यांतली डावीकडची आठ खरी आणि उजवीकडची आठ खोटी. घराचा क्रमांक म्हणजे ओळीची सोळा पट अधिक स्तंभ. आता मोहरा पटाच्या उजव्या वा डाव्या कडेवरून बाहेर पडला की क्रमांकाच्या द्विमान रूपातले ८ चे बिट पेटते, म्हणजे ० चे १ होते; वरून किंवा खालून बाहेर पडला की १२८ चे बिट पेटते. म्हणजे १३६ शी (१२८ अधिक ८) एकदा 'अँड' करून ही दोनच बिटे तपासली की आत आहोत की बाहेर ते कळते. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला 'आपण आत की बाहेर' हा प्रश्न एका सूचनेत सोडवणारी ही दोन बिटे विशेष आवडली, हे मान्य करतो. पट ३२७६८ या पत्त्यावर ठेवला की पत्ता धरणाऱ्या प्रोसेसरच्या दोन कप्प्यांपैकी (रजिस्टर) एच कायम १२८ राहते आणि एल म्हणजेच घराचा क्रमांक. त्या पत्त्याच्या खाली प्रोग्रॅम ठेवूही नये, कारण खालच्या १६ केबीत पडदा रंगवणारी चिप प्रोसेसरला मध्येमध्ये थांबवते. हत्ती, उंट किंवा वजीर एक घर पुढे सरकवून तिथे काय आहे ते पाहायला एकूण सहा सूचना लागतात आणि त्यांना घड्याळाचे ३३ ठोके पडतात. सेकंदाला ३५ लाख ठोके, म्हणजे एक घर पाहायला दहा मायक्रोसेकंदांहूनही कमी. शिवाय उजवीकडच्या खोट्या घरांचे ६४ बाइट फुकट जात नाहीत. मी त्यांतच कोणता मोहरा कुठे आहे याची यादी ठेवली आहे.

हे ठोके मोजण्याचे काम मी वहीत करत बसलो असताना शेजारचे अण्णा आले. ते उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर म्हणून तीस वर्षे होते. त्यांनी वहीतली रकान्यांची मांडणी पाहिली, ४, ४, ४, ७, ७, ७ या आकड्यांवर बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, म्हणजे हे सायकल टाइमच की. एका जॉबमागं दोन सेकंद वाचले तर शिफ्टला किती जॉब वाढतात, ते आम्ही असंच काढायचो." संगणकशास्त्र शिकलेल्या माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांना जे पटवून देताना मला अर्धा तास लागला होता, ते अण्णांना सांगावेच लागले नाही.

मशीन कोडमध्ये लिहिलेल्या चाली बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला वर दिलेले आकडेच कामाला येतात. डावाच्या सुरुवातीपासून एका चालीचे २०, दोनचे ४००, तीनचे ८,९०२ आणि चारचे १,९७,२८१ क्रम होतात. हे आकडे ठरलेले आहेत आणि आपल्या प्रोग्रॅमचे उत्तर त्यांच्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. माझे पहिले दोन जुळले. तिसरा ८,९८२ आला, बरोबर ८० नी जास्त. रात्री अकराला यंत्र बंद केले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या हे ८० कुठून आले असावेत याचा विचार करत राहिलो. काळ्याची पहिली उत्तरे वीस, म्हणजे ८० हे वीस गुणिले चार. पांढऱ्याच्या पहिल्या चालींत चाराचा गट कोणता? घोड्यांच्या चाली चार! घोडा तिसऱ्या ओळीत येऊन बसला तरी त्याच्या मागचे प्यादे दोन घरांची उडी त्याच्या डोक्यावरून मारत होते, कारण मी शेवटचे घर मोकळे आहे का एवढेच पाहिले होते, मधले पाहिलेच नव्हते. सकाळी चार बाइटांची दुरुस्ती केली आणि ८,९०२ आले. हे गणित करायला यंत्राला सुमारे १५ सेकंद लागतात. १९९० च्या ४२ मिनिटांच्या जागी १५ सेकंद, आणि यंत्र तेच. चार चालींचा आकडा यायला साडेपाच मिनिटे लागली, ती मी चहा न घेता समोर बसून काढली.

चाली काढता आल्या म्हणजे खेळता आले असे नव्हे. स्थितीचे मोल ठरवावे लागते, आणि त्यासाठी क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात दिलेले वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादे १ हे मोल आजही पुरते. मोल ठरवण्याचे काम धरले की माझा प्रोग्रॅम सेकंदाला अडीचशेच्या आसपास स्थिती पाहतो. डावाच्या मध्यावर एका स्थितीत सरासरी ३५ चाली धरल्या, तर तीन चाली खोल पाहायला ४२,८७५ स्थिती, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे. चार चाली खोल जायचे तर १५ लाख, म्हणजे तास-दीड तासाहून जास्त. इथे आल्फा-बीटा छाटणी उपयोगी पडते. तिचे तत्त्व घरगुती आहे: आपल्या एका चालीला समोरच्याकडे एक चोख उत्तर आहे आणि ती चाल आधी पाहिलेल्या चालीहून वाईट ठरली आहे, एवढे कळले की त्याची उरलेली चौतीस उत्तरे पाहत बसायचे कारण नाही. चालींचा क्रम नेहमी अचूक लागला तर तीन चालींसाठी १,२५९ आणि चार चालींसाठी २,४४९ स्थिती पाहून भागते. अचूक क्रम आधीच माहीत असता तर प्रोग्रॅमच लिहावा लागला नसता, हे उघड आहे. पण मोठा मोहरा मारणारी चाल आधी पाहायची एवढा साधा नियम लावल्यावरही तीन चालींचा विचार वीस सेकंदांत आणि चार चालींचा दोन-अडीच मिनिटांत होऊ लागला. ही छाटणी प्रोग्रॅममध्ये किती जागा घेते? माझ्या प्रोग्रॅममध्ये साठ बाइटांच्या आत. या यंत्रावर केलेल्या कोणत्याही कामातून इतक्या कमी जागेत इतका मोबदला मिळाल्याचे मला आठवत नाही.

अण्णांशी पहिला डाव झाला तो याच अवस्थेत. त्यांनी बुद्धिबळ वडिलांकडून निपाणीला शिकलेले, नंतर सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांनाही दोनदा जाऊन आलेले. बाराव्या चालीला प्रोग्रॅमने आपले एक प्यादे उघड उघड मारू दिले. अण्णांनी ते प्यादे उचलले आणि माझ्याकडे करुणेने पाहिले. यंत्राच्या दृष्टीने चूक नव्हतीच: तिसऱ्या चालीला त्याचा वजीर अण्णांचे एक प्यादे मारून गेलेला गुण भरून काढत होता, आणि ते प्यादे दुसऱ्या प्याद्याने राखलेले असल्यामुळे वजीर जाणार ती चौथी चाल त्याला दिसतच नव्हती. हान्स बर्लिनर यांनी याला क्षितिजाचा दोष असे नाव दिले आहे. उपाय असा की मारामारी चालू असेतो मोल ठरवायचेच नाही, मारण्याच्या चाली संपेपर्यंत पुढे जायचे आणि पट शांत झाल्यावर हिशेब करायचा. तो भाग लिहायला मला आठ दिवस लागले आणि विचाराचा वेळ दीडपट झाला, पण त्यानंतर अण्णांनी माझ्याकडे तसे पाहिलेले नाही. ते अजून जिंकतात, मात्र आता चष्मा लावून खेळतात.

पडद्याच्या बाबतीत हे यंत्र बुद्धिबळासाठीच बनवले असावे असे वाटते. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग ठेवता येतात, आणि त्यामुळे इतर खेळांत रंग एकमेकांत सांडतात. पण बुद्धिबळाच्या एका घरात घराचा रंग आणि मोहऱ्याचा रंग असे दोनच लागतात. मोहरे काढायला लागणारी, अशा एकेका चौकटीची स्वतः आखलेली अक्षरे मात्र २१ च मिळतात, आणि एका मोहऱ्याला चार तुकडे धरले तर सहा मोहऱ्यांना २४ हवेत. मी सर्व मोहऱ्यांची बैठक सारखी ठेवली, म्हणजे खालचे दोन तुकडे समाईक झाले आणि १४ मध्ये काम भागले. माझा घोडा थोडा गाढवासारखा दिसतो, तो दोष यंत्राचा नाही.

कीबोर्डाबद्दल चांगले लिहिणे मला जमणार नाही. प्रत्येक कळेवर पाच-सहा गोष्टी छापलेल्या, 'पी' दाबले की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो, आणि अर्ध्या सूचनांसाठी आधी 'एक्स्टेंड मोड'ची कळ दाबून मग दुसरी दाबावी लागते. कळा कडक आहेत, पण खाली तोच मेम्ब्रेन असल्यामुळे बोटाला कळ लागली की नाही हे पडद्याकडे पाहूनच कळते. पाच केबीचा मशीन कोड या कीबोर्डावरून, कॅसेटवरच्या असेंब्लरात, म्हणजे लिहिलेल्या सूचनांचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रॅमात, टंकणे म्हणजे प्रायश्चित्त आहे; १९९० मध्ये मी ते अर्ध्यावर सोडले त्याचे हेच कारण. या खेपेला लिखाण लॅपटॉपवर केले, पास्मो या फुकट मिळणाऱ्या असेंब्लरने त्याचा कोड केला, कोडचा आवाज केला आणि तो आवाज मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या 'इअर' सॉकेटात दिला. आवाज पूर्ण मोठा ठेवावा लागतो. पाच केबी चढायला अर्धे मिनिट पुरते, पण त्या अर्ध्या मिनिटात मोबाइलवर फोन येणे विमानात बसल्यासारखे बंद ठेवावे. एकदा पंचवीस सेकंद झाले असताना पुण्याहून मुलाचा फोन आला, पडद्याच्या कडेचे निळे-पिवळे पट्टे थिजले आणि खाली 'आर टेप लोडिंग एरर' उमटले. मुलाला कारण सांगितले तर तो म्हणाला, "बाबा, यूएसबी नाही का त्याला?"

स्वतः लिहायचे नसेल आणि नुसते खेळायचे असेल, तर या यंत्रासाठी तयार प्रोग्रॅम भरपूर आहेत. रिचर्ड लँग यांचा सायरस, ज्याने १९८१ मध्ये लंडनची युरोपीय मायक्रोसंगणक स्पर्धा जिंकली होती, तो स्पेक्ट्रमवर आहे. मार्टिन ब्रायंट यांचा कोलोसस आहे. ख्रिस व्हिटिंग्टन यांचा सुपरचेस आहे. मी तिन्हींशी माझा प्रोग्रॅम लढवला. कोलोसस समोरच्याच्या वेळातही विचार करत राहतो आणि माझ्या प्रोग्रॅमला त्याने सलग सहा डावांत उभे राहू दिले नाही. सायरसशी एक डाव बरोबरीत सुटला, तोही सायरसच्या बाजूने वेळ कमी ठेवल्यामुळे. खेळायला कोलोसस घ्यावा, शिकायला सार्गॉनची यादी वाचावी, असे मी सांगेन.

आता विकत घ्यावे का? ज्याच्या घरी माळ्यावर हे यंत्र आहे त्याने दोन-तीन हजार रुपये घालून ते जरूर दुरुस्त करून घ्यावे. ज्याच्याकडे नाही त्याने जुन्या वस्तूंच्या बाजारात सांगितले जाणारे भाव मोजू नयेत. फ्यूज नावाचा एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर फुकट चालतो, ठोक्याला ठोका जुळवून चालतो, आणि वर लिहिलेले सगळे त्याच्यावर जसेच्या तसे करता येते. खऱ्या यंत्राने मला जास्तीचे काय दिले, तर एकच: विचार चालू असताना ते बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर ठेवलेले असते आणि येणारा-जाणारा थांबून विचारतो की याची चाल झाली का.

अण्णांच्या आग्रहाने सध्या देशी बुद्धिबळाची आवृत्ती लिहितो आहे. त्यांच्या घरच्या पद्धतीत प्यादे एकेच घर चालते, त्यामुळे दोन घरांची उडी आणि तिच्यामुळे येणारी वाटेतल्या प्याद्याची मारामारी दोन्ही उडाली, आणि किल्लेकोटही नाही. त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. तीन ठिकाणचा कोड काढून टाकल्यावर २१४ बाइट मोकळे झाले, आणि राजाच्या उडीला त्यांतले २३ लागले. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ज्या पट्टीत पोचले त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेते. तो भाग अजून चुकतो, काल राजाच्या पट्टीत पोचलेल्या प्याद्याचा दुसरा राजा झाला.